सत्तरीचा नियम

काकांनी मला पहिलं पिवळं कार्ड दाखवलं, तेव्हा मी त्यांची भाडेकरूसुद्धा झाले नव्हते.

भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर शिकवू लागले होते. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याच तासांचे पैसे, आणि सुट्टीत शिक्षकाने हवा खाऊन जगावं अशी अपेक्षा. शहापूरहून रोज एसटीने येणं जमेना, म्हणून गावात खोली शोधत होते. बाजारचौकात दोर, ताडपत्र्या, विळे आणि फवारणीचे पंप विकणारं एक दुकान होतं. त्याच्या मागे एक खोली रिकामी आहे असं कळलं. मी दुकानात गेले, गिऱ्हाइकांची गर्दी होती म्हणून कोणाला न विचारता मागच्या दारातून आत डोकावले. गल्ल्यावर बसलेला उंच, हडकुळा माणूस ताडकन उठला. त्याने सदऱ्याच्या खिशातून पुठ्ठ्याचा एक पिवळा चौकोन काढला आणि हात ताठ वर करून माझ्यासमोर धरला.

"नियम ऐकल्याबिगर मैदानात उतरल्या तुम्ही. हे पहिलं. दुसरं भेटलं का बाहेर."

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील बिडी कामगारांच्या युनियनचं काम करायचे. आमच्या घरी पाटीपेक्षा पत्रकं जास्त होती आणि मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. घरमालक नावाच्या प्राण्याशी कसं बोलायचं हे मला पाठ होतं. मी विचारलं, "कोणत्या अधिकारात?"

मला वाटलं, आता भांडण. पण काकांचा चेहरा उजळला. "हे बरोबर विचारलं! अपील करता येते, मॅडम. अपील समिती आत हाय."

अपील समिती आत सुपात तांदूळ पाखडत बसली होती. काकूंनी मान वर न करता निकाल दिला. "तुम्ही त्याइच्याकडे ध्यान नका देऊ, बाई. खोली झाडून ठेवली हाय. चहा घेता?"

त्या खोलीत मी तीन वर्षं राहिले.

ते पिवळं कार्ड मुळात कुठल्याशा बियाण्याच्या खोक्याचं झाकण होतं. ते कोणालाही दिसे. रांग मोडणाऱ्या गिऱ्हाइकाला, हात दाखवूनही गाडी न थांबवणाऱ्या ड्रायव्हरला, भाषण लांबवणाऱ्या पाहुण्याला. लोक हसायचे, पण रांगेत परत जायचे. लाल कार्ड मात्र मी एकदाच बाहेर निघालेलं पाहिलं. एक माणूस विळा घ्यायला आला होता आणि भाव करता करता त्याने शेजारी उभ्या असलेल्या आपल्या बायकोला भरल्या दुकानात शिवी हासडली. काकांनी त्याच्या हातातला विळा काढून घेतला, खुंटीला परत अडकवला आणि लाल पुठ्ठा वर धरला. तो माणूस रागाने गेला. त्याची बायको मात्र जाता जाता वळून त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिली.

काका फुटबॉलवेडे होते असं गाव म्हणे. ते पूर्ण खरं नाही. टीव्हीवर सामना लागला की ते उठून दुकानात जात. गोल कोणी केला, कसा केला, यात त्यांना फारसा रस नव्हता. त्यांचा जीव अडकला होता तो देशातलं फुटबॉल चालवणाऱ्या महासंघात. त्याची स्थापना, त्याच्या सभा, त्याची घटना, तिच्यातल्या दुरुस्त्या. लोकांना खेळाडूंची नावं पाठ असतात, काकांना कलमं पाठ होती. ते म्हणायचे, "आपला क्लब जिल्ह्याले जोडला, जिल्हा राज्याले, राज्य देशाले आणि देश जगाले. म्हणजे अड्याळच्या पोट्ट्यानं बॉल मारला तं त्याचा धक्का थेट वरपर्यंत जाते. पण वरून खाली काही येते का? ते पाहा लागते."

तरुणपणी त्यांना शिकायला कामठीला, मामाकडे ठेवलं होतं. कामठीत त्या काळी गल्लीगल्लीत फुटबॉल. काका तिथे शिकले कमी आणि खेळले जास्त, तेही वाईट खेळले असं ते स्वतःच सांगत. परत आले ते एक चेंडू काखेत घेऊन. गावाबाहेर एक बोडी आहे, म्हणजे लहान तलाव. तिच्या पाळीखाली, मातीच्या बांधाखाली, गायरानाचा सपाट तुकडा होता. तिथे त्यांनी दोन बांबू रोवले आणि क्लब काढला. तेव्हापासून अध्यक्ष तेच. चुन्याची फक्की मारायची, बांबूंना रंग द्यायचा, गायी हाकलायच्या, नव्या पोरांच्या आईवडिलांना समजवायचं, सगळं अध्यक्षच करत. मुलींचा संघ काढला तेव्हा गावात कुरबुर झाली. काकांनी घटनेतलं कलम वाचून दाखवलं, ज्यात मुलगे आणि मुली असा शब्दच नव्हता, फक्त 'खेळाडू' होता. कुरबुर तिथेच थांबली.

बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी व्हायची आणि दोर मोजून होईपर्यंत गिऱ्हाइकांना थांबावं लागायचं. तेवढ्यात काका महासंघाचा इतिहास सांगत. दुसरे लोक पोथी सांगतात तसा. शिमल्याच्या थंड हवेत प्रांतोप्रांतीची माणसं कशी जमली, बंगाल्यांचा रुसवा कसा काढला, एकाच देशाची एकच संघटना असावी यासाठी किती वर्षं घासाघीस चालली. शेजारच्या कोंढा गावचे म्हातारे शेतकरी खताच्या पोत्यावर टेकून "मंग?" असं विचारायचे.

"मंग काय! स्वातंत्र्य भेटलं, आपले पोट्टे लंडनले गेले, अनवाणी खेळले. गोरे लोक तोंडात बोट घालून पाहून राहिले का हे बिनाजोड्याचे कसे पळतात."

"आणि त्या ब्राझीलच्या वर्ल्डकपले नाही गेले न जी, जोडे नव्हते म्हणून?"

हा प्रश्न कोणीतरी विचारायचाच, आणि काका त्याचीच वाट पाहत असायचे. हातातला दोर खाली टाकून ते उभे राहत.

"खोटं! साफ खोटं हाय ते. बोलावणं आलं होतं. जाता आलं असतं. पण ज्याइनं ठरवाचं होतं त्याइले ते काही मोठं वाटलं नाही. खुर्चीत बसलेल्याइले समजलं नाही आणि नाव कोणाचं झालं? पायाचं! आजपर्यंत सारे जण पायाले बोल लावतात. खुर्चीले कोणी विचारत नाही."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी खोलीत जाऊन ते वाक्य लिहून ठेवलं. माझ्या वडिलांनी आयुष्यभर तेच सांगितलं होतं, फक्त त्यांचे पाय तेंदूपानं तोडायला जंगलात जाणाऱ्यांचे होते.

मागे एकदा जगाच्या फुटबॉल संघटनेने आपल्या महासंघावर बंदी घातली होती. त्या दिवशी काकांनी दुकान उघडलं नाही. बाजारचौकातलं दुकान अवेळी बंद म्हणजे घरात काहीतरी झालं, असं गावाने धरलं. दहा वाजेपर्यंत ओटीवर माणसं गोळा झाली. "कोण गेलं जी?" काका खिन्नपणे म्हणाले, "गेलं नाही कोणी. आपल्याले बाहेर काढलं." कोणाला काही कळलं नाही, पण माणूस दुःखात आहे एवढं कळलं. दुपारी शेजारच्या घरून भात आणि वरण आलं, दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. काकू संतापल्या. "अवो, माह्या चुलीले काय झालं? इथं कोणी मेलं नाही, फेडरेशन मेलं!" तरी त्यांनी ते वरण ठेवून घेतलं, परत करणं बरं दिसलं नसतं.

संध्याकाळी मी काकांशी वाद घातला. महासंघातली माणसं मुदत संपूनही निवडणूक घेत नव्हती. दिल्लीच्या मोठ्या कोर्टाने त्यांना बाजूला केलं, कारभार पाहायला समिती नेमली, नवी घटना लिहायला घेतली. त्यात चुकलं काय? उलट झाडूच मारला!

"झाडू चांगलाच होता," काका म्हणाले. "पण हात बाहेरचा होता. जगाचा नियम हाय, संघटना सभासदाइनं चालवावं, बाहेरच्यानं नाही. चांगल्या मनानं बी नाही."

"मग बरोबर कोण, काका?"

"दोघंबी. म्हणून तं जेवण जाऊन नाही राहिलं."

बंदी काही दिवसांत उठली. काकांनी अपील समितीकडून भजी करून घेतली आणि वरणाच्या भांड्यात घालून शेजारी परत पाठवली.

पण घटनेचा वाद कोर्टात चालूच राहिला. त्या घटनेत एक कलम होतं ज्यावर काकांचा फार जीव: सत्तरी ओलांडलेल्याने पदावर राहायचं नाही. ते कलम ढिलं पडेल की काय या धास्तीने त्यांनी एक दिवस मला दुकानात बोलावलं आणि समोर स्टूल ठेवलं. "मॅडम, तुमाले पत्रक लिवता येते म्हणे. लिवा."

मी लिहिलं. एका बैठकीत लिहिलं आणि मला ते फार आवडलं. मथळा होता: 'पायांना बोल लावू नका, खुर्चीला प्रश्न विचारा.' काकांनी चष्मा लावून वाचलं आणि दोन ठिकाणी बोट ठेवलं. तिथे मी माणसांची नावं लिहिली होती.

"हे काढा."

"का? सगळ्यांना माहीत आहेत!"

"नाव लिवलं का भांडण होते. नियम लिवला का इचार होते."

पवनीच्या छापखान्यातून गठ्ठा आला आणि आम्ही दोघं आठवडी बाजारात वाटायला निघालो. देशाच्या फुटबॉल महासंघाच्या घटनेविषयीचं पत्रक, अड्याळच्या बाजारात, मिरच्या आणि वांग्यांच्या ढिगांमधून. लोक आदराने घेत होते. आदराने घेऊन त्यात ओली कोथिंबीर गुंडाळत होते. काकांना त्याचं काही वाटलं नाही. "कोथिंबिरीसंगं घरात तं जाईन," ते म्हणाले.

भाजी विकणाऱ्या एका मावशींनी मात्र ते पूर्ण वाचलं. त्यांची मुलगी वैशाली क्लबात गोलकीपर होती. खेळता खेळता मोठी झाली, आता शिवणाचं दुकान चालवत होती आणि लहान मुलींना खेळायला शिकवत होती. मावशींनी पत्रक मांडीवर ठेवलं, वजनाचा काटा बाजूला सारला आणि विचारलं, "काका, सत्तरीनंतर पद नाही, असं लिवलं हाय. बरोबर?"

"बरोबर."

"हे दिल्लीवाल्याइलेच हाय का सगळ्याइले?"

"जो जो जोडलेला हाय, त्या सगळ्याइले असाले पाह्यजे."

"आणि तुमचं किती झालं जी?"

त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. वांग्याचा भाव विचारावा इतकं साधं विचारलं होतं. काका हातातला गठ्ठा छातीशी धरून उभे राहिले. मग म्हणाले, "दिवाळीनंतरच्या मंडईले सत्तर पुरे होतीन."

"मंग?"

"मंग काय. सोडा लागन."

मावशी घाबरल्या. "अवो, मी आपलं सहज विचारलं! तुम्ही सोडलं तं क्लब कोण पाहीन?" आजूबाजूच्या पालांतल्या विक्रेत्यांनीही कान टवकारले. पण काका पुढच्या पालाकडे वळले होते, पत्रक पुढे करत.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, दिवसा बाजार आणि रात्री नाटक. अड्याळच्या मंडईत क्लबाची फुटबॉलची स्पर्धा असायची आणि तिच्या पंधरा दिवस आधी क्लबाची सर्वसाधारण सभा. म्हणजे काकांच्या हातात दोनच महिने होते. त्या दोन महिन्यांत गावाने त्यांना समजवायचं बाकी ठेवलं नाही. पावसाळा संपेपर्यंत मीसुद्धा त्यात सामील झाले. मला मनापासून वाटत होतं की नियम आहे तो सत्ता गिळून बसलेल्यांसाठी. हा माणूस गिळत नव्हता, पाठीवर वाहत होता. मी त्यांना म्हटलं, "काका, गायी हाकलणाऱ्या अध्यक्षाला कसली सत्ता? तुमच्यासाठी अपवाद करायलाच हवा."

ते चिडले नाहीत. विळ्याची मूठ बसवत होते, ती बसवत राहिले. "मॅडम, दिल्लीत पहिल्या बारीले असंच झालं असन. कोणीतरी म्हणलं असन, हा माणूस चांगला हाय, याच्यासाठी करा अपवाद. आणि तो खरंच चांगला असन."



पण त्यांना सोपं गेलं असं कोणी समजू नये. ते जेवायला बसत आणि ताट पुढे तसंच राही. सकाळी मैदानावर जाऊन येत आणि थेट गल्ल्यावर बसत. काकू वरवर थट्टा करत. "सोडा सोडा. मंग घरी बसून माह्या सैपाकाची घटना लिवाल." पण त्यांचंही लक्ष होतं. एका संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर काका माझ्याशी बोलले, रस्त्याकडे बघत.

"माह्याबिगर क्लब नाही चालला तं मले वाईट वाटन."

"चालेल हो, काका."

"चालला तं बी वाटन."

सभा मैदानावरच भरली. दोन उमेदवार होते. एक वैशाली. दुसरा राइस मिलवाल्यांचा मुलगा, जो नव्या जर्सी आणि मैदानावर मोठे दिवे द्यायचं बोलत होता. हात वर करून मतदान काकांना मंजूर नव्हतं, शेजाऱ्यासमोर हात वर करायला माणूस भितो. चिठ्ठ्याही नकोत, कारण गावात प्रत्येकाचं अक्षर प्रत्येकाला ओळखू येतं. मग त्यांनीच तोडगा काढला. प्रत्येक सभासदाला एक धानाचा दाणा आणि एक लाखोळीचा, म्हणजे लाख डाळीचा. धान म्हणजे वैशाली, लाखोळी म्हणजे मिलवाल्यांचा मुलगा. मूठ मिटून कापड बांधलेल्या मडक्यात एक दाणा टाकायचा आणि उरलेला दुसऱ्या मडक्यात. शाळेच्या मुख्याध्यापकांनी ताटात दाणे ओतून मोजले. धान जास्त निघालं.

मिलवाल्यांचा मुलगा मोठ्याने म्हणाला, "धानाच्या मुलखात लाखोळी कशी निवडून येईन बे! चिन्हच चुकलं माहं!" सगळं मैदान हसलं. जर्सी त्याने तरीही दिल्या.

काका पुढे आले. त्यांनी सामानाच्या खोलीच्या किल्ल्या वैशालीच्या हातात दिल्या. भाषण केलं नाही. वळले, आखलेल्या रेषेबाहेर गेले आणि बोडीच्या पाळीवर जाऊन बसले.

त्या दिवसानंतर त्यांनी मैदानात पाय ठेवला नाही. रोज सकाळी पाळीवर गोणपाट टाकून बसायचे, पण उतरायचे नाहीत. वैशाली खालून हाक मारायची, "काका, फक्की कोणाकडून आणत होते तुम्ही?" काका आभाळाकडे बघायचे. ती वर चढून यायची. "सांगा न जी!" ते म्हणायचे, "समितीत ठरवा." तिने समितीत ठराव करून त्यांना सल्लागार नेमलं. काकांनी नम्रपणे नकार दिला. "सल्लागार म्हणजे मागच्या दारानं अध्यक्ष. देशभर त्याच दारानं लोक आत बसले हायेत." वैशाली रडकुंडीला आली होती. मला काकांचा रागच आला. एवढं ताठ राहायचं काय कारण, मुलगी एकटी पडली आहे, असं मी काकूंना म्हटलं. काकू म्हणाल्या, "तुमाले दिसत नाही, बाई. ते पाळीवरून उतरले नं, तं सारे पोट्टे पयले त्याइच्याकडेच धावतीन. मंग ती कधी अध्यक्ष होईन?"

स्पर्धा सुरू झाली. पहिल्याच दिवशी सामानाची खोली उघडली तर गोलाच्या जाळ्या उंदरांनी कुरतडून चिंध्या केलेल्या. नव्या आणायला वेळ नव्हता. बिनजाळीच्या बांबूंमध्ये सामने झाले. आणि एरवी कधी न घडलेलं घडलं: आपल्याच मंडईत, आपल्याच मैदानावर एकदाही करंडक न जिंकलेला आमचा क्लब अंतिम सामन्यात पोचला. समोर कोंढ्याचा संघ.

सगळा गाव लोटला होता. माहेरी आलेल्या लेकी लेकरं कडेवर घेऊन उभ्या. काका पाळीवर, आमच्या चढाईच्या बाजूच्या गोलाच्या अगदी रेषेत. त्यांच्या शेजारी काकू आणि मी. शेवटची काही मिनिटं उरली होती, दोन्हीकडे एकही गोल नव्हता. तेवढ्यात आमच्या एका पोराने डाव्या बाजूने तिरपा फटका मारला. चेंडू बांबूला जवळजवळ घासून गेला आणि मागच्या बेशरमाच्या झुडपांत शिरला. बांबूच्या आतून की बाहेरून? जाळी नव्हती. आमचे नाचू लागले, कोंढ्याचे धावून आले. भंडाऱ्याहून आलेला पंच मागे पडला होता, त्याला धड दिसलं नव्हतं.

ओरडाआरडा चालला, कॉलर धरल्या गेल्या. मग हळूहळू एकेकाची मान पाळीकडे वळली. रेषेत बसलेला एकच माणूस होता आणि तो खोटं बोलत नाही हे दोन्ही गावांना माहीत होतं. कोंढ्याचा कप्तान दोन्ही हात वर करून ओरडला, "काकाइनं सांगतलं तं आमाले मंजूर! आत म्हणलं तं आत!"

वैशाली पाळ चढून वर आली. दम लागला होता तिला.

"काका, आत का बाहेर?"

काकांचे हात गुडघ्यांवर होते. ते तिच्याकडे बघत म्हणाले, "पंच कुठी हाय?"

"खाली उभा हाय."

"मंग मले काहून विचारता? मी बाहेरचा माणूस आहो, बाई."

"दोन्ही टीम मानून राहिल्या जी! तुम्ही फक्त बोला."

"आज मानून राहिल्या. पुढच्या साली मी पाळीवर नसन, तवा कोणाकडे पाहसान? जा. पंचाले म्हणा, तू ठरव. आणि त्यानं ठरवलं का तू मान, म्हणजे सारे मानतीन."

मला वाटलं, ती आता ओरडेल त्यांच्यावर. मी तरी ओरडले असते. पण ती खाली गेली. पंचाशी बोलली. त्याने डोळे मिटून आठवून पाहिलं असावं, मग हात आडवा हलवला. गोल नाही. आमची पोरं त्याच्या अंगावर निघाली तशी वैशाली मध्ये उभी राहिली आणि इतक्या जोरात ओरडली की पाळीवरचे बगळे उडाले: "निर्णय झाला! जागेवर जा!" आणि पोरं जागेवर गेली. एकानेही पाळीकडे पाहिलं नाही.

पेनल्टीवर कोंढा जिंकला.

संध्याकाळी घरी चहा करून काकूंनी तिघांना दिला. बाहेर नाटकाच्या मंडपातून भोंग्याची चाचणी ऐकू येत होती. शेवटी काकूंनी विचारलंच.

"आता तं सांगा. आत होता का?"

काकांनी अंगठा आणि तर्जनी थोडी फाकवून अंतर दाखवलं. "इतका आत."

काकांनी कप खाली ठेवला. "पोट्टी बरोबर ओरडली पण," ते म्हणाले, आणि मग जणू स्वतःशीच, "नव्या जाळ्या आल्या का त्या वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून गुंडाळून ठेवा लागतात. म्हणजे उंदीर शिवत नाहीत. वैशालीले कोणी सांग..." ते थांबले. मान हलवली. "नाही. नका सांगू. त्याइचं ते पाहतीन."

काकूंनी पदर खांद्यावर घेतला, चपला पायात सरकवल्या आणि दाराकडे निघाल्या.

"कुठी चालली?"

"वैशालीकडे. पाल्याचं सांगाले."

"अवो, ते बरोबर नाही..."

"मी कधी कोणत्या पदावर होती जी?" काकू उंबऱ्यावरून म्हणाल्या. "मले कोणता नियम लागते?" आणि त्या गेल्या.

काका वर, छपराच्या कवेलूंकडे बघत बसले. सगळी कलमं एकामागून एक तपासत असावेत. मग त्यांनी गार झालेला चहा उचलला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बसते नियमात."